कण्यांची पाखरे

एकदा एक वृद्ध गुरुजी होते आणि त्यांच्या शाळेत पाखरांचा एक पाठ असे. पाठ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पोथी येते, घोकंपट्टी येते आणि चुकल्यावरच्या उठाबशाही येतात. तिथे यातले काही नव्हते. घाटाच्या पायथ्याला भाताच्या खाचरांमध्ये वसलेले ते लहानसे गाव होते. तिथल्या मुलांनी रोज सकाळी आपापल्या अंगणात एक पाखरू काढायचे, एवढाच तो पाठ होता.

त्याची रीत ठरलेली होती. आईने अंगण झाडून सडा घातला की मुलाने उंबऱ्यासमोर उकिडवे बसावे आणि आदल्या दिवशी आपल्या घराभोवती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले पाखरू जमिनीवर रेखाटावे. ऐकीव पाखरू चालत नसे, शेजारच्या परसातलेही चालत नसे. ते ज्या बाजूला तोंड करून बसले असेल त्याच बाजूला चित्रातली चोच हवी. दिवसभरात काहीच नजरेस पडले नाही, तर नुसती एक आडवी रेघ ओढायची. ती रेघ म्हणजे डहाळी. डहाळी आहे पण बसायला कोणी आले नाही, असा तिचा अर्थ सारे गाव जाणून होते.

हे सारे रेखाटायचे ते तांदळाच्या कण्यांनी. भात कांडले की सुपात कण्या उरतात, आणि त्या गावात कण्यांना तोटा नव्हता. मुले त्या जात्यावर जराशा भरडत आणि चिमटीतून सोडत. पाटलाच्या अंगणात होला उमटे, बुरुडाच्या दारी चिमणी, सुताराच्या दारी कोतवाल. मग ऊन अंगणात उतरले की खरीखुरी पाखरे येत आणि चित्रे टिपायला लागत. कधीकधी तर ज्याचे चित्र असे तो होला स्वतःच येऊन आपली मान खाऊन जाई. उरलेसुरले खारी आणि मुंग्या नेत. दुपारी अंगण पुन्हा कोरे असे. दाराआड लपून हा सोहळा पाहताना मुलांना दुसरे एखादे पाखरू दिसे आणि उद्याच्या चित्राची सोय होई.

गुरुजी रोज या अंगणांची फेरी करत. मात्र ते निघत सकाळ पुरती सरल्यावर, चित्रे अर्धीअधिक फस्त झाल्यावर. पाठीमागे हात बांधून ते प्रत्येक दारी थांबत, खाली वाकून पाहत, समाधानाने मान हलवत आणि पुढे जात.

या गुरुजींचा एक शिष्य होता. तो लांबच्या विद्यानगरीत बरीच वर्षे शिकून आला होता. अक्षर मोत्यासारखे, वागणे नेटके, आणि पसारा दिसला की हात शिवशिवणार. मुले त्याला धाकटे गुरुजी म्हणत. त्याचा सारा जीव थोरल्या गुरुजींवर होता. रात्री त्यांचे पाय चेपताना त्यांच्या पोटऱ्या दिवसेंदिवस हाडकत चाललेल्या त्याच्या हाताला कळत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागला होता. झाडावरचे पाखरू आता त्यांना दिसत नव्हते, जमिनीवरचे चित्रही अगदी वाकल्यावाचून दिसत नव्हते. हे शिष्य रोज पाहत होता. त्याला वाटे, हा माणूस एक दिवस जाईल आणि त्याचे हे एवढे काम कुठेही उरणार नाही. रोज इतकी चित्रे निघतात आणि रोज इतकी चित्रे चिमण्यांच्या पोटात जातात, हा कुठला न्याय?

त्याने एकदा भीत भीत विचारले, "गुरुजी, फेरीला थोडे लवकर निघालो तर? चित्रे अखंड पाहायला मिळतील."

"इतक्या लवकर तिथे काय पाहायचे?" गुरुजी म्हणाले, आणि काठी शोधू लागले.

शिष्याला हे उत्तर कळले नाही. मोठ्या माणसांची न कळलेली उत्तरे आपण सगळेच वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. त्यानेही तेच केले.

होळीच्या थोडे आधी घाटावरून सांगावा आला. गुरुजींची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. निघताना त्यांनी शिष्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शाळा तुझ्यावर सोपवून जातो. पाठ चालू ठेव," एवढेच सांगून ते गाडीत बसले.

शिष्याने गाडी नजरेआड होईपर्यंत पाहिले आणि मनाशी एक निश्चय केला. गुरुजी परत येतील तेव्हा त्यांच्या आयुष्याचे काम त्यांच्या हातात ठेवायचे. त्याने मुलांना टेकडीवर नेले, पांढरा शिरगोळा, म्हणजे रांगोळीचा दगड, खणून आणवला, तो कुटून वस्त्रगाळ केला आणि घरोघर वाटला. सांगितले, "आजपासून कण्या नकोत. या पुडीने काढा. आपली चित्रे आता कोणी खाणार नाही. संध्याकाळी मी येईन आणि कागदावर उतरवून घेईन."

मुलांना आनंद झाला. शिरगोळ्याची रेघ कशी ठसठशीत, पांढरीशुभ्र. दिवसभर चित्र जसेच्या तसे राही. आयांनाही कौतुक वाटले, कारण कण्या वाचल्या आणि त्यांची पेज झाली. शिष्य रोज संध्याकाळी दारोदार फिरे, प्रत्येक पाखरू कागदावर उतरवी, खाली मुलाचे नाव आणि तिथी घाली. मुलांना पाने चाळायला देई. ज्याच्या अंगणात नुसती डहाळी असे त्याला तो रागावत नसे. फक्त म्हणे, "अरे, पान रिकामे गेले. उद्या नीट बघ हं." हे तो मायेनेच म्हणे, पण मायेने म्हटलेलेही मुलांना लागतेच. हळूहळू डहाळ्या कमी झाल्या आणि अंगणे रोज पाखरांनी भरू लागली.

गावाच्या कडेला राहणाऱ्या बुरुडाची भागू एक दिवस त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. पोर सहासात वर्षांची, हाताला बांबूच्या कुसळांचे ओरखडे. तिच्या दारी एक चिमणी येत असे, तिच्या एका पायाची बोटे मुडपलेली होती. भागू तिला लंगडी म्हणायची आणि चित्रातही तिचा एक पाय आखूड काढायची. इतर चिमण्यांच्या झुंबडीत लंगडीला जागा मिळत नसे. सगळ्या उडून गेल्या की ती टुणटुण येई आणि मागे राहिलेली शेपटीची टोके टिपी. म्हणून भागू शेपटी मुद्दाम लांब काढायची.

"धाकटे गुरुजी," भागू म्हणाली, "माझी लंगडी येत न्हाई."

"उन्हाळा आहे ना. गेली असेल कुठे तरी पाण्यावर."

"तिला लांब जाया येत न्हाई."

शिष्याने पाने उलटली आणि लंगडीचे चित्र तिच्यापुढे धरले. चित्र खरोखर सुरेख उतरले होते. "ही बघ. कुठे गेली आहे? इथे तर आहे. आता ही आपल्याकडून कधीच जाणार नाही."

भागूने पान दोन्ही हातांनी घेतले, बराच वेळ पाहिले आणि परत केले. "ही काय खात न्हाई," ती म्हणाली आणि घरी गेली.

शिष्याला त्या बोलण्याचे हसू आले. बाळबोध बोल म्हणून त्याने तो शेजाऱ्यांना सांगितलाही. भागूच्या अंगणात मात्र त्या दिवसापासून रोज डहाळीच दिसू लागली, आणि ती पोर हट्टी आहे असे त्याने मनात ठरवून टाकले.

वैशाख लागला. थोरल्या बहिणीला बरे वाटले आणि गुरुजी परतले. शिष्याने त्यांचे पाय धुतले, पाणी दिले, आणि त्यांचा श्वास बसण्याआधीच पानांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. सारी मुले भोवती जमली. गुरुजींनी एकेक पान नाकाजवळ नेऊन पाहिले. "अक्षर काय सुरेख आहे रे," ते पुन्हा पुन्हा म्हणाले, आणि शिष्याच्या अंगावर मूठभर मांस चढले. मग एका पानावर ते थबकले.

"हा पिवळा धोबी कधीचा?"

"परवाचा, गुरुजी. दगडूच्या अंगणातला."

"धोबी थंडीचा पाहुणा. होळी झाली की तो निघून जातो. वैशाखात आला म्हणजे नवल आहे." त्यांनी दगडूला जवळ घेतले. "कुठं बसला होता रे? पाणवठ्यावर?"

दगडूने मान खाली घातली. खोटे बोलायचे त्याच्या मनात नव्हते आणि खरे बोलायचा धीर होत नव्हता. शेवटी तो पुटपुटला, "बसला नव्हता, गुरुजी. धाकट्या गुरुजींच्या पानात होता. तिथनं घेतला."

"मग डहाळी का नाही काढलीस?"

"रोजच डहाळी काढावी लागली असती."

गुरुजींनी बाकीच्या मुलांकडे तोंड फिरवले. एकजण अंगठ्याने जमीन उकरत होता, दोघी एकमेकींच्या आड लपत होत्या. गुरुजी रागावले नाहीत. "बरं," ते म्हणाले, "उद्या फेरी मारू."

शिष्याचा चेहरा पांढराफटक पडला. एवढे दिवस तो पाखरांची नोंद करत नव्हता. मुले त्याच्या पानांवरून चित्रे काढत होती आणि तो त्या चित्रांवरून पाने भरत होता, असा सारा चरखा फिरत होता. पाखरांचा नेम किती पक्का असे म्हणून तो स्वतःशी खूश व्हायचा, तेही त्याला आठवले आणि मेल्याहून मेल्यासारखे झाले. तरी पाखरे येईनाशी का झाली, ते त्याला अजून उमगले नव्हते. उन्हाळ्यावर त्याचा संशय होता.

दुसऱ्या दिवशी सकाळ सरल्यावर गुरुजी फेरीला निघाले. शिष्य त्यांचा हात धरून चालला होता. अंगणे चकचकीत होती, चित्रे रेघही न मोडता जशीच्या तशी होती. गुरुजींनी पहिल्या दारी वाकून पाहिले, मग गुडघे टेकले, चित्राला बोट लावले आणि ते बोट जिभेवर ठेवले. शिष्य चकित झाला. दुसऱ्या दारी त्यांनी तेच केले, तिसऱ्या दारीही तेच. गावाच्या कडेपर्यंत ते असे प्रत्येक अंगणात गुडघ्यांवर बसले आणि प्रसाद घ्यावा तशी ती पूड त्यांनी चाखली. बायका दारांतून पाहत होत्या. गुरुजींचे वय झाले, असे एक म्हणाली आणि दुसरीने तिला गप्प केले. शिष्याने ते ऐकले.

घरी आल्यावर शिष्याने पान वाढले. गरम भात, वरण, कडेला कैरीचे लोणचे. गुरुजी पाटावर बसले, पानाला नमस्कार केला आणि पान हलकेच बाजूला सारले.

"बरे वाटत नाही का, गुरुजी?"

"बरा आहे. तू जेव. मला आज जेवता येणार नाही." त्यांनी दाराकडे हात केला. "अरे, दारात रांगोळी कशाला काढतात?"

"येणाऱ्याच्या स्वागतासाठी."

"आपली मुले रोज एकेका पाखराला बोलावणे करत होती. तू काल येऊन गेलास, आम्ही तुला पाहिले, आजही ये. आणि नुसते बोलावत नव्हती, वाढतही होती. आता एवढे दिवस आपण बोलावणे तसेच ठेवले आणि पानात खडे वाढले. पाखरू आले असेल, चोच मारली असेल, उडून गेले असेल. पुन्हा आले असेल. किती वेळा येईल? पाहुणा दारातून उपाशी गेला तर घरच्या माणसाने जेवायला बसू नये. मी काही व्रत करत नाही बरं. घास उतरणार नाही, एवढेच."

शिष्याला भागूचे बोलणे आठवले. सहासात वर्षांच्या पोरीने कारण सांगितले होते आणि तो ते गंमत म्हणून गावभर सांगत सुटला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "उपास मी करतो. आपण दोन घास घ्या."

"शाळा माझी आहे. यजमान मी." गुरुजी हसले. "तू मला विचारले होतेस, फेरीला लवकर निघालो तर म्हणून. मी चित्रे पाहायला जातच नव्हतो. पाने उष्टी झाली का, ते पाहायला जात होतो. आणि एक सांगतो. लिहून ठेवण्यात वाईट काही नाही. तुला लिहावेसे वाटले, कारण मी जाईन याची तुला धास्ती आहे. खरे की नाही?"

शिष्याचे डोळे भरून आले. त्याने नुसती मान हलवली.

"मी जाईन. त्याला इलाज नाही. पण माझ्यामागे पाखरे येत राहिली तर मुले नवी चित्रे काढत राहतील आणि तुझ्या पानांना काही अर्थ येईल. पाखरेच आली नाहीत, तर त्या गठ्ठ्यात उठून गेलेल्या पंगतीची नुसती नावे उरतील. आधी वाढ, मग लिही."

शिष्य जेवला नाही. तो तसाच उठला आणि उन्हातून भागूच्या घरी गेला. वाटेत भेटेल त्या मुलाला त्याने सांगितले की पूड झाडून टाका आणि कण्या काढा. भागूची आई दारात टोपली विणत बसली होती. त्याने तिच्याकडे मूठभर कण्या मागितल्या. तिने पदराला हात पुसले आणि सूपच आणून पुढे ठेवले.

"भागू," तो म्हणाला, "मला पाखरू काढायला शिकव."

"काल कुठलं बघितलं तुम्ही?"

शिष्य आठवू लागला. काल त्याने पाने पाहिली होती, मुलांची तोंडे पाहिली होती. परवाही पानेच पाहिली होती. या गावात आल्यापासून त्याने शेकडो पाखरे कागदावर उतरवली होती आणि एकही पाखरू दोन घटका बसून पाहिलेले नव्हते. "कुठलंच नाही," तो म्हणाला.

"मग डहाळी काढा," भागू म्हणाली.

त्याने चिमटीत कण्या घेतल्या. लेखणी धरणारी ती बोटे कण्या धरायला मात्र राजी नव्हती. कुठे ढीग पडला, कुठे रेघ तुटली. एवढे वेडेवाकडे काम त्याने आयुष्यात केले नव्हते. भागूने काही सुधारले नाही. तिने त्याला हाताला धरून दाराआड नेले आणि दोघे बसून राहिले. त्या दिवशी डहाळीवर मुंग्यांखेरीज कोणी आले नाही. गुरुजी संध्याकाळी घोटभर पाणी पिऊन आडवे झाले. पाय चेपताना शिष्याला त्यांच्या अंगाचा थरथराट जाणवला, आणि तो इतका घाबरला की पाय चेपायचे सोडून ते नुसते धरून बसला.

सकाळी गावात एक वेगळेच दृश्य दिसले. गुरुजींनी अन्न सोडल्याची बातमी घरोघर पोचली होती. मुले न बोलता उठली होती, आयांनी पेजेच्या कण्या काढून दिल्या होत्या, पण काल कोणीच पाखरू पाहिले नव्हते. मग मुलांनी खरे तेच काढले. पाटलाच्या दारी, सुताराच्या दारी, दगडूच्या दारी, साऱ्या गावात अंगणाअंगणात नुसत्या डहाळ्या होत्या. इतका प्रामाणिक पाठ त्या शाळेत पूर्वी कधी झाला नसेल. दारे अर्धी ओढलेली होती आणि प्रत्येक दारामागे कोणी ना कोणी श्वास धरून बसले होते.

भागूच्या अंगणात शिष्याने पुन्हा डहाळी काढली. आज रेघ जरा बरी आली. ऊन चढत गेले. समोरच्या शेवग्यावर काही तरी हलले आणि परत निवांत झाले. शिष्याच्या मनात गुरुजींच्या रिकाम्या पोटाखेरीज दुसरा विचार नव्हता. त्याने देवाला हाक मारली, चिमण्यांना मनातल्या मनात हात जोडले, एकदा तर उठून जाऊन कण्या नीट सारख्या कराव्यात म्हणून अर्धा उभा राहिला. भागूने त्याचे धोतर ओढून त्याला खाली बसवले.

मग एक चिमणा कुंपणावर येऊन बसला. त्याने मान इकडे केली, तिकडे केली, खाली उतरला, आणि पुन्हा उडाला. त्याचा विश्वास उडालेला होता, तो परत यायला वेळ लागणारच. थोड्या वेळाने तो दुसऱ्यांदा उतरला. डहाळीपासून हातभर लांब थांबला. एक उडी, दुसरी उडी. चोच मारली. कणी लागली. त्याने लगेच दुसरी उचलली, आणि असा काही कलकलाट केला की कुंपणावर कुठून कुठून चिमण्या गोळा झाल्या. डहाळी एका टोकापासून नाहीशी होऊ लागली.

शिष्य पाहत होता. चिमण्याच्या गळ्याखाली काळा डाग आहे, हे त्याने कितीदा कागदावर काळे केले होते. पण तो खाताना तो डाग खालीवर होतो, कणी मोठी निघाली तर तो ती चोचीत फिरवून घेतो आणि दर घासाला एकदा मागे वळून पाहतो, हे त्याला आज कळत होते. या सगळ्यांत लंगडी कुठे आहे ते तो शोधत होता आणि ती दिसत नव्हती. भागूही शोधत होती. तिची बोटे त्याच्या दंडात रुतली होती.

चिमण्या भुर्रकन उडाल्या. डहाळीचे टोक तेवढे उरले होते. तेव्हा कुंपणाच्या तळच्या भोकातून ती आली. टुण, आणि एका बाजूला कलली. टुण, आणि सावरली. बरीच वाळली होती, पिसे विस्कटली होती. उरलेल्या टोकाशी ती बसली, म्हणजे एका पायावर बसली, दुसरा पोटाशी घेतला, आणि अगदी सावकाश एकेक कणी टिपून तिने डहाळी संपवली. मग जमिनीवर चोच दोन्ही बाजूंनी पुसली.

भागूने शिष्याच्या तोंडावर हात ठेवला होता. तो बोलणार नव्हता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि ते पुसण्याएवढीही हालचाल त्याने केली नाही.

लंगडी गेल्यावर तो उठला आणि पायांना मुंग्या आल्या होत्या तरी भराभर चालत निघाला. मागून भागू धावत होती. रस्त्यात ठिकठिकाणी मुले दारांबाहेर येत होती आणि त्यांच्या तोंडांवरूनच इतर अंगणांतली हकीकत कळत होती. गुरुजी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. शिष्याने त्यांच्या पायांना हात लावला.

"गुरुजी, उठा. पान वाढतो. पाहुणे जेवून गेले."

"काय राहिले?"

"काही राहिले नाही. कणीसुद्धा नाही," शिष्य म्हणाला. आपले काम नाहीसे झाल्याचे सांगताना आपल्याला इतका आनंद होईल, असे त्याला कालपर्यंत कोणी सांगितले असते तर त्याने ते मानले नसते.

त्याने त्यांना धरून पाटावर बसवले. भात गरम नव्हता, पण त्या दिवशी त्याची फिकीर कोणाला नव्हती. गुरुजींनी पहिला घास घेतला आणि विचारले, "कोण कोण आले होते? सांग."

शिष्य सांगू लागला. आधी आलेला चिमणा, त्याचा भित्रेपणा, त्याचे मागे वळून पाहणे. मग लंगडी. ती कशी भोकातून आली, पाऊल टाकताना कोणत्या अंगाला झुकली, दुखरा पाय कसा पोटात घेतला, मानेची पिसे कशी उभी होती, चोच पुसताना डोळा कसा अर्धा मिटला. समोर कागद नव्हता, आणि तरी एकही गोष्ट सुटली नाही. जिथे तो अडला तिथे भागूने सांगितले.

गुरुजींचा हात पानावर तसाच थांबला होता. मोतीबिंदूने धूसर झालेले डोळे त्यांनी मिटून घेतले. शिष्याचे सांगून संपले तरी काही वेळ त्यांनी ते उघडले नाहीत.

"दिसली," ते म्हणाले, आणि त्यांनी दुसरा घास घेतला.